जनावरांच्या कुंपणाला डांब कोणता? काळ्या रानात एक, माळावर दुसरा

आमचं रान नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात, गोदाकाठाला. खोल काळी जमीन. सासुरवाडी सिन्नरच्या माळावर, तिथे वीतभर मातीखाली मुरूम लागतो. आठ वर्षांपूर्वी मी आणि मेव्हण्याने एकाच गाडीतून सिमेंटचे डांब, म्हणजे कुंपणाचे खांब, आणले, एकाच मिस्त्रीकडून दोन्ही ठिकाणी उभे करून घेतले. खड्डाही तोच, दीड फुटाचा. दोन पावसाळे गेले आणि माझ्या डांबांची ओळ जुन्या कंगव्यासारखी झाली, एक दात इकडे, एक तिकडे. मेव्हण्याचे मात्र ओळंबा लावून बघा, तसेच उभे. तो आला, बांधावरून एक चक्कर मारली आणि म्हणाला, "दाजी, डांबांना दोष देऊ नका. तुमची जमीनच उठते-बसते."

त्या वेळी राग आला होता, पण बोलला ते खरं होतं. डांब दुकानात जाऊन पसंत करायची वस्तू नाही. जनावर कोणतं, माती कोणती आणि तो डांब कुंपणात नेमका कुठे उभा राहणार, ही तीन उत्तरं घरी ठरवून मगच दर विचारायला निघावं. मी उलटं केलं आणि निम्मं कुंपण दुसऱ्यांदा घातलं. त्या दुसऱ्या खेपेला जे शिकलो ते इथे क्रमाने मांडतो.

त्याआधी एक काम. हद्दीची खात्री नसेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या आणि खुणांच्या आत फूटभर सरकून दोरी धरा. शेजाऱ्याची वहिवाट कुंपणात अडकली तर प्रकरण मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदारापुढे जातं आणि सिमेंटमध्ये गाडलेले डांब उपटायची पाळी येते.

पहिली पायरी: जनावर काय करतं ते बघा

प्रत्येक जनावराची कुंपण मोडायची स्वतःची पद्धत असते. डांबाची उंची आणि जाडी त्यावर ठरते.

गाय सहसा उडी मारत नाही. ती अंग घासते. चारशे-साडेचारशे किलोची संकरित गाय रोज त्याच डांबाला मान घासत असेल, तर वर्षभरात डांबाभोवतीची माती सैल होते. शिवाय पलीकडचं गवत हिरवं दिसलं की खालच्या दोन तारांमधून मान घालते आणि खांद्याने रेटते. म्हैस तर सावकाश, पण सगळा भार टाकून रेटते. गाई-म्हशींना जमिनीवर चार ते साडेचार फूट उंची पुरते, पण डांब आणि त्याचा पाया दणकट हवा. त्यांच्या कुंपणाला काटेरी तार मला पसंत नाही. दुभत्या गाईची कास एकदा फाटलेली बघितली की ती आपोआप नकोशी होते. साधी जाड जीआय (जस्ताचा थर दिलेली) तार पाच ओळींत ताणली किंवा जाळी लावली तरी काम भागतं.

शेळीचं वेगळं. तिचा रेटा कमी, अक्कल जास्त. पुढचे दोन पाय जाळीवर टेकवून उभी राहणार, पाला ओरबाडणार, आणि त्याने जाळी डांबापासून सुटत जाणार. चढायला काही मिळालं तर चढणारच. म्हणून शेळ्यांना जमिनीवर पाच फूट हवेत आणि जाळी डांबांच्या आतल्या बाजूने, म्हणजे शेळ्यांकडून, बांधलेली हवी. असं केलं की जनावराचा भार डांबावर येतो, बांधणीच्या तारेवर येत नाही. कोपऱ्याचे तिरपे टेकूही जाळीच्या पलीकडे राहतात. आमच्याकडे पहिल्या खेपेला टेकू आत आले होते. एका संगमनेरी पाठीने, म्हणजे तरण्या शेळीने, त्याची शिडी केली आणि तिच्यामागून सगळा कळप शेजाऱ्याच्या कांद्याच्या रोपात उतरला. त्या रोपाचे पैसे भरून दिले तेव्हा टेकूची बाजू कायमची पाठ झाली.

जाळीचा चौकोन तीन इंचांपेक्षा मोठा नको. चार-सहा इंची चौकोनातून डोकं बाहेर जातं, पण मागे वळलेली शिंगं परत येऊ देत नाहीत.

मेंढ्यांना साडेतीन-चार फूट पुरतात. मेंढ्या फक्त रात्री बसवायच्या असतील तर पक्क्या डांबांच्या फंदात पडू नका. धनगर मंडळी वाघर (दोरीची जाळी) आणि खुंट्यांवर काम भागवतात. सकाळी गुंडाळली की पुढच्या रानात. इतका हलका आणि नेटका उपाय कुठल्या दुकानात मिळत नाही.

दुसरी पायरी: चार खड्डे करून माती विचारा

डांब ठरवण्याआधी कुंपणाच्या रेषेवर चार ठिकाणी अडीच फूट खोल खड्डे घ्या: एक उंचावर, एक सखल भागात, एक कोपऱ्यावर आणि एक फाटकाच्या जागी. अर्ध्या दिवसाचं काम आहे. आपल्या जिल्ह्यात एकाच गटातही माती बदलते.

काळी माती खोल लागली तर समजून चला की ती पावसात फुगणार आणि चैत्र-वैशाखात आकसून भेगाळणार. भेगेत उभा हात जातो अशी जमीन दर वर्षी डांबाला ढकलते, उचलते आणि सैल सोडते. दीड फूट गाडलेला डांब पूर्णपणे या हलत्या थरातच उभा असतो. इथे ओळीचे डांब किमान अडीच फूट, कोपऱ्याचे तीन ते साडेतीन फूट आत हवेत. मुरूम लागला तर ओळीच्या डांबाला दोन फूटही भक्कम होतात. सिन्नर, येवला, नांदगावच्या माळांवर बऱ्याच ठिकाणी फुटा-दीड फुटावर पाषाण लागतो. तिथे सिमेंटच्या जाड डांबासाठी सुरुंगासारखा खड्डा फोडत बसण्यापेक्षा ड्रिलने भोक पाडून त्यात लोखंडी अँगल सिमेंटने बसवणं स्वस्त पडतं.

इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा भागात प्रश्न मातीपेक्षा पावसाचा. चार महिने मुळाशी ओल राहते. लाकूड कुजतं, उघडं लोखंड मातीच्या बरोबरीला गंजून पातळ होतं. तिकडची डांगी जनावरं त्या पावसात उघड्यावर तग धरतात, डांबाला मात्र ते जमत नाही. तिथे सिमेंट किंवा दगड, आणि जोडीला जिवंत वई, म्हणजे झाडाझुडपांचं कुंपण.

ओढा-ओहोळ आडवा येत असेल तर त्याच्या पात्रात डांब रोवू नका. दोन्ही काठांवर एकेक मजबूत डांब, मध्ये तार आणि तारेवरून सुटी लोंबती जाळी. पूर आला की ती वर उचलली जाते, काडीकचरा निघून जातो. पात्रातला डांब कचरा अडवतो आणि मग दोन्ही बाजूंचं कुंपण घेऊन वाहून जातो.

तिसरी पायरी: सगळे डांब सारखे नसतात

हे आधी कळलं असतं तर माझे निम्मे पैसे वाचले असते. कुंपणात तीन जातीचे डांब असतात. ओळीचा डांब तार फक्त उभी धरतो. त्याच्या दोन्ही बाजूंना सारखीच ओढ असल्याने त्याच्यावर विशेष ताण नसतो. कोपऱ्याचा डांब सगळ्या तारांची ओढ एकटा सोसतो, रात्रंदिवस. फाटकाचा डांब तर फाटकाचं वजन हाताच्या लांबीवर धरून उभा असतो, वर पोरं त्या फाटकावर झोके घेतात ते वेगळंच. आपण मात्र हिशेबाला सोपं म्हणून तिघांनाही एकच माल घेतो. ओळीत गरजेपेक्षा जास्त खर्च होतो, कोपऱ्यात गरजेपेक्षा कमी.

द्राक्षवाल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. मांडवाच्या कडेला तो दुप्पट जाडीचा अँगल लावतो, बाहेरून तारेची ओढ देतो, ती ओढ जमिनीत पुरलेल्या दगडाला बांधतो. मधल्या ओळी त्या जिवावर उभ्या असतात. कुंपणालाही हाच नियम, फक्त बाहेरची ओढ शेजाऱ्याच्या रानात जाते म्हणून आपण आतून, तारेच्याच रेषेत तिरपा टेकू देतो. कोपऱ्याला दोन टेकू लागतात, प्रत्येक बाजूच्या रेषेत एक. टेकू डांबाच्या दोन तृतीयांश उंचीवर भिडवा आणि त्याचं खालचं टोक सपाट दगडावर टेकवून सिमेंटने भरा. नुसत्या मातीत टोचलेला टेकू पहिल्या पावसात आत घुसतो आणि कोपरा वाकतो.

लांब सरळ बाजूवर दर दीडशे-दोनशे फुटांवर एक डांब कोपऱ्यासारखाच मजबूत, दोन्हीकडे टेकू दिलेला घ्या. तार तुटली तरी मग तेवढाच तुकडा ढिला पडतो.

चौथी पायरी: माल पारखणं

सिमेंटचे डांब आपल्याकडे सगळ्यात जास्त खपतात, आणि फसवणूकही त्यातच जास्त. चार इंच बाय चार इंच, सात फुटी डांबाचं वजन ५० ते ५५ किलो भरायला हवं. गाडीतून एक काढून काट्यावर ठेवा. फार हलका भरला तर माल पोकळ किंवा माप चोरलेलं. टोकाकडून बघा: चार कोपऱ्यांत चार सळ्या हव्यात आणि त्या कडेपासून पाऊण इंच तरी आत. सळई कडेला आली की ओल पोचते, गंज फुगतो आणि सिमेंट उभं चिरत जातं. हातोडीने हलकं ठोका; चांगला डांब खणखणतो, कच्चा भद्द वाजतो. खिळ्याने ओरखडा काढला की पावडर पडत असेल तर पाणी मारलेलं नाही. ओतल्यापासून महिना झालेलाच माल उचला.

माझ्या पहिल्या गाडीतल्या डांबांत चार सळ्यांऐवजी दोन बारीक तारा निघाल्या. कळलं कधी, तर म्हशीने मान घासली आणि डांब कमरेतून मोडला तेव्हा. विकणाऱ्याने "म्हैस फार तगडी आहे हो तुमची" असं कौतुक केलं. त्यानंतर मी कुठल्याही गाडीतला एक डांब विकत घेऊन त्याच्या देखत फोडतो. एका डांबाच्या किमतीत पन्नास डांबांची खात्री होते.

सिमेंटचा डांब दोन माणसांनी उभा धरून न्यावा, आडवा नेताना मध्ये लवला तर केसासारखी चीर जाते. ती तेव्हा दिसत नाही, तिसऱ्या वर्षी दिसते.

लोखंडी अँगल किलोवर मिळतो, म्हणून दर नगावर विचारू नका. ३५ बाय ३५ बाय ५ मिलिमीटरचा अँगल मीटरला २.६ किलो, ४० बाय ४० बाय ५ चा ३ किलो, ५० बाय ५० बाय ६ चा साडेचार किलो. शेळ्यांच्या ओळीला ३५ चालतो, गाईंच्या ओळीला ४०, कोपऱ्याला ५० किंवा त्याहून जाड. आणखी एक हिशेब दुकानदार सांगत नाही. अँगलची पूर्ण लांबी ६ मीटर, म्हणजे पावणेवीस फूट. साडेसहा फुटांचे तीन तुकडे बरोबर निघतात. सात फुटांचे दोनच निघतात आणि पावणेसहा फुटांचा तुकडा पडून राहतो. गाईंना साडेचार फूट वर आणि दोन फूट आत, असं मुरमाड जमिनीत साडेसहात बसतं. काळ्या रानात शेळ्यांना साडेसात फूट लागतात. तिथे उरलेले तुकडे टेकूंना वापरायचं आधीच ठरवा.

आता जुने द्राक्षबागेचे अँगल. बाग काढली की पिंपळगाव, ओझर, दिंडोरी पट्ट्यात हे अँगल, तार सगळं एकगठ्ठा विकायला निघतं. नव्याच्या मानाने बरंच स्वस्त मिळतं, भोकं आधीच पाडलेली असतात, लांबीही भरपूर. मी स्वतः दुसऱ्या खेपेला हेच घेतले. फक्त डोळे उघडे ठेवून घ्या. गाडलेला खालचा दीड-दोन फूट भाग बहुतेक वेळा खाल्लेला असतो. तेवढा कापून उरलेली लांबी मोजा आणि पैसे उरलेल्याचेच द्या. वर्षानुवर्षं बोर्डो मिश्रण बसलेलं असल्यामुळे, म्हणजे मोरचूद आणि चुना, लोखंड लवकर खातं. निळसर-हिरवा थर दिसला तर तारेच्या ब्रशने घासा, धुवा, रेड ऑक्साईड मारा. जनावरं डांब चाटतात. गाय थोडं तांबं पचवते, मेंढीला ते सोसत नाही. मेंढ्यांच्या वाड्याला न धुतलेले बागेचे अँगल कदापि नको. धुतलेलं पाणीही जनावरांच्या हौदाकडे वाहू देऊ नका.

चंदेरी रंगाला जीआय समजू नका. नाण्याने खरवडा, खाली तांबूस गंज दिसला तर तो नुसता रंग आहे. खऱ्या जस्ताच्या थराखाली राखाडीच निघतं. सातपूर-अंबडकडच्या भंगारात जुने जाड पाईप मिळतात, फाटकाच्या डांबाला त्याहून चांगलं काही नाही. चार इंची पाईप, आत सिमेंटचा माल भरलेला, वरून टोपी. टोपी नसली तर पाईपात पाणी साचतं आणि तो आतून सडतो.

लाकूड घ्यायचं तर गाभ्याचं. बाभळीचा काळसर गाभा, खैर, साग हे टिकतात. कडेचं पांढरं लाकूड वाळवीची मेजवानी. निलगिरीच्या कच्च्या बल्ल्या दोन-तीन वर्षांच्या सोबती. साल काढा, सावलीत वाळवा, मातीच्या खालचा आणि वर वीतभर भाग आगीवर काळा होईपर्यंत भाजा, गार झाल्यावर डांबर लावा. ओल्या लाकडाला डांबर लावलं तर ओल आत कोंडते आणि बाहेरून छान दिसणारा डांब आतून भुसा होतो. लाकडी डांबाला सिमेंटची वाटी करू नका, तिच्यात पाणी थांबतं. खाली खडी आणि बाजूने मुरूम ठोकणं बरं. इंजिनाचं जळकं ऑईल फासायची सवय पुष्कळांना आहे. जनावरं चाटतात तिथे ते नको. आणि बांधावरचा साग किंवा खैर आपलाच असला तरी विनापरवाना तोडता येत नाही. १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत ही झाडं आहेत.

टोमॅटोच्या बांधणीतले उरलेले बांबू कुंपणाला वापरू नका. एवढंच त्यावर लिहितो.

जिवंत डांब हा आमच्या आजोबांचा उपाय. गिरिपुष्प किंवा पांगाऱ्याच्या मनगटाएवढ्या पाच-सहा फुटी फांद्या पहिल्या पावसाच्या तोंडावर फूट-दीड फूट रोवल्या की बहुतेक धरतात. पहिलं वर्षभर त्यांना तार ताणू नका आणि शेळ्यांच्या तोंडी लागू देऊ नका, पाल्याआधी त्या सालच सोलतात. धरलेल्या झाडाला तार थेट खिळ्याने ठोकली तर झाड ती गिळतं. मध्ये लाकडाची पट्टी द्या. शेराच्या वईचा चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा करतो, छाटताना डोळे सांभाळा. फुलांसाठी म्हणून कुंपणावर कण्हेर लावू नका. तिची पानं खाऊन गुरं दगावतात.

पाचवी पायरी: किती डांब लागतील

एकरावर नुसता आकडा सांगणारा माणूस चुकतो, कारण आकारानुसार परीघ बदलतो. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. चौरस तुकडा असेल तर भोवतीने साधारण ८३५ फूट. ३३० बाय १३२ फुटांचा असेल तर ९२४ फूट. आणि वाटण्या होऊन ६६० बाय ६६ ची पट्टी वाट्याला आली असेल तर १,४५२ फूट. क्षेत्र तेवढंच, कुंपण पावणेदोन पट.

शेळ्यांसाठी दहा गुंठे घेऊ. ११० बाय ९९ फूट, भोवतीने ४१८ फूट. चेनलिंक जाळीला आठ फुटांवर डांब धरला तर साधारण ५२ डांब. त्यात चार कोपऱ्याचे, दोन फाटकाचे, उरलेले ओळीचे. कोपऱ्यांना आठ टेकू, फाटकाच्या डांबांना दोन. गाईंच्या तारेच्या कुंपणाला दहा फुटांवर डांब चालतो, मग बेचाळीसात भागतं. वळणावर आणि चढ-उतारावर अंतर कमी करा. जाळीला ग्रीन नेट बांधायचा विचार असेल तर सहा फुटांवर या, नाहीतर बांधूच नका. शेजारच्या वस्तीवर शेळ्यांना सावली म्हणून पश्चिमेच्या बाजूला नेट लावलं होतं. एप्रिलच्या अवकाळीच्या वाऱ्यात त्या नेटचं शीड झालं आणि ओळीतले अकरा डांब मुळाशी मोडले.

तीन-चार डांब जास्तीचे आणा. पाच वर्षांनी तसाच डांब मिळत नाही.

सहावी पायरी: रोवणं

काळ्या रानात दिवाळीनंतर काम काढा. मातीत ओल असते, खड्डा सुबक निघतो. वैशाखात खणलं तर भेगांतून माल खाली जातो आणि पहार वाजत राहते. क्रम असा ठेवा: आधी कोपरे, मग फाटक, मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन दोऱ्या, एक बुडाशी आणि एक माथ्याशी. दोन दोऱ्या असल्या की डांब रेषेत आहे का आणि उभा आहे का हे एकदमच कळतं. तरी दर डांबाला ओळंबा लावाच.

खड्डा तोंडाशी अरुंद आणि बुडाशी रुंद. आपल्याकडे सगळे उलटं करतात, तोंड रुंद आणि खाली चिंचोळा. काळी माती फुगली की वरच्या रुंद सिमेंटच्या गड्ड्याला खालून उचलते आणि डांब वर्षाला बोटभर वर येतो. माझ्या कंगव्याचं अर्धं कारण हेच होतं.

प्रत्येक डांब सिमेंटमध्ये बसवायची गरज नाही. कोपरे, टेकू, फाटक आणि मधले ताणाचे डांब सिमेंटमध्ये, ओळीचे मुरमात. खणून निघालेली काळी माती परत खड्ड्यात टाकू नका. बाहेरून मुरूम आणा, वीत-वीत भराव टाकत, थोडं पाणी शिंपडत धुमसाने ठोका. घाईने सगळा भराव एकदम टाकून वरून नाचलं तर वरची वीतभरच बसते. मुरूम जमिनीपेक्षा चार बोटं वर चढवून उतार द्या, म्हणजे पाणी डांबाशी थांबत नाही.

सिमेंटचा हिशेब: फूट बाय फूट आणि दोन फूट खोल खड्डा म्हणजे दोन घनफूट. ५० किलोच्या एका गोणीत १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) मालाचे साधारण साडेपाच घनफूट निघतात, म्हणजे गोणीला तीन खड्डे. कोपऱ्याच्या साडेतीन फुटी खड्ड्याला मात्र पाऊण गोणी धरा. लोखंडी डांब असेल तर सिमेंट जमिनीवर तीन बोटं आणून चारी बाजूंना उतरतं करा. लोखंड सगळ्यात आधी मातीच्या रेषेवरच गंजतं, आणि शेण-मूत पडणाऱ्या वाड्यात आणखी वेगाने.

तार ओढायची घाई करू नका. सात दिवस पाणी मारा, मगच पुलर लावा. आमचा मिस्त्री तिसऱ्या दिवशी ताणायला निघाला होता, कारण त्याला दुसरीकडे काम होतं. कोपरा अर्धा इंच हलला तेवढा पुरला. तो पुढे कधीच सरळ झाला नाही.

फाटक दहा ते बारा फुटांचं घ्या, ट्रॉली वळली पाहिजे. वरच्या बिजागरीची खुंटी खाली तोंड करून आणि खालची वर तोंड करून बसवा. दोन्ही वर असल्या तर म्हैस शिंगाने फाटक उचलून बाजूला ठेवते. आमचीने ठेवलं आहे.

झटका मशीन लावणार असाल तर

म्हणजे तारेत थांबून थांबून विजेचा झटका सोडणारं यंत्र, तर डांबाचा हिशेब बदलतो. जनावर तारेला रेटतच नाही, म्हणून ओळीचे डांब वीस-तीस फुटांवर आणि हलके चालतात. फायबरचे डांब इथेच कामाला येतात, त्यांना इन्सुलेटर लागत नाही. लोखंडी अँगल असतील तर प्रत्येक तारेला इन्सुलेटर हवा, आणि एकही तडकला तर सगळा झटका जमिनीत जातो. कोपरे मात्र इथेही मजबूतच. मशीनची अर्थिंग निम्मं काम करते: सहा फुटी तीन जीआय रॉड, दहा-दहा फुटांवर. माळावर उन्हाळ्यात मुरूम कोरडा पडला की झटका लागत नाही. तिथे एक तार झटक्याची आणि एक अर्थिंगची अशी आलटून पालटून ओढा. श्रावणात खालच्या तारेला गवत टेकतं, ते कापत राहा.

घरातली वीज थेट तारेत सोडणं हा जुगाड नाही. माणूस मेला तर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागतो, आणि मरणारा बहुतेक वेळा आपल्याच घरचा असतो.

बिबट्या आणि कुत्री

गोदाकाठच्या उसात बिबट्या आहे हे आपल्याला कुणी सांगायला नको. पाच फुटी कुंपण त्याला बांधासारखं. दिवसाच्या कुंपणाकडून रात्रीच्या राखणीची अपेक्षा करू नका. रात्री शेळ्या चारी बाजूंनी आणि वरूनही जाळी असलेल्या बंद वाड्यात. वरची जाळी तोलायला तिथले डांब आठ फूट जमिनीवर आणि तीन फूट आत घ्या, माथ्याशी अँगलने एकमेकांना जोडलेले.

भटकी कुत्री खालून उकरतात. जाळीची खालची फूटभर पट्टी बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवी वळवून त्यावर दगड-मुरूम टाका. कुत्रं जाळीच्या मुळाशी उकरायला बसतं आणि नखाला जाळीच लागते.

पहिला मोठा पाऊस उघडला की ओळंबा आणि धुमस घेऊन एक फेरी मारा. काळ्या रानात दहात एक डांब हललेला सापडतोच. माती ओली असते तेव्हाच तो सरळ करून भोवतीचा मुरूम पुन्हा ठोका. उन्हाळ्यापर्यंत थांबलात तर तिथे पहार लावावी लागते. मेव्हणा अजून विचारतो, "दाजी, यंदा किती उठले?" गेल्या पावसाळ्यात एकशे चाळीसात तीन.